काढ म्हणजे उघड

१२ फेब्रुवारी. आजचं काम : की-बोर्ड धुणे.

की-बोर्ड वर्षातून एकदा तरी पूर्ण खोलून साफ करावा असं मी लोकांना छापून सांगते, त्यामुळे मलाही तो करावा लागतो. नवरा कामावर गेल्यावर मी आधी की-बोर्डचा फोटो घेतला. कोणतं बटण कुठे होतं हे नंतर आठवत नाही, आणि आठवतंय असं ज्यांना वाटतं त्यांचे की-बोर्ड माझ्याकडेच दुरुस्तीला येतात. मग चमच्याच्या दांड्याने एकेक बटण उचकटलं, सगळी बटणं चहाच्या जुन्या गाळणीत घालून साबणाच्या पाण्यात बुडवली आणि खिडकीपाशी पंचावर पसरली. खालच्या सांगाड्यात चिवड्यातले तीळ, केस आणि एक टाचणी निघाली. टाचणी कुठून आली हे मला माहीत होतं. अक्का आमच्याकडे येतात तेव्हा त्यांच्या पदराला एक तरी टाचणी असतेच.

अक्कांबद्दल सांगायचं तर आधी माझ्या पानाबद्दल सांगायला हवं.

बंगळूरच्या आमच्या मराठी मंडळाचं एक मासिक पत्रक निघतं. त्यातलं एक पान माझ्याकडे आहे. वरच्या अर्ध्यात कॉम्प्युटरच्या तक्रारी आणि त्यांवरचे उपाय : प्रिंटर कागद का खातो, वाय-फाय स्वयंपाकघरापर्यंत का पोचत नाही, लॅपटॉप मांडीवर तापतो तेव्हा काय करावं. खालच्या अर्ध्यात विज्ञानाच्या आणि विज्ञानकथांच्या बातम्या : कुठल्या ग्रहाभोवती वाफ दिसली, कुठली दुर्बीण कामाला लागली, मराठीत सध्या कोण विज्ञानकथा मागवतंय. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असं नवीन माणसं विचारतात. संबंध असा की पत्रकात एकच पान शिल्लक होतं आणि माझ्याकडे विषय दोन होते. होसकोट्याच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं कॉम्प्युटर सांभाळले, ती नोकरी सोडल्यावर ओळखीच्या लोकांचे घरी दुरुस्त करायला लागले. आणि विज्ञानकथा मला शाळेपासून आवडतात. नवरा म्हणतो, वरचं वाचून लोकांचे कॉम्प्युटर बिघडतात आणि खालचं वाचून डोकी. हा विनोद तो दर महिन्याला करतो.

वाचकही पानासारखेच अर्धे-अर्धे आहेत. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेले फक्त वरचं वाचतात. इथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या घरांतली मोठी माणसं फक्त खालचं वाचतात, कारण कॉम्प्युटर बिघडला तर ती मलाच फोन करतात. पूर्ण पान वाचणारं माझ्या माहितीत कोणी नाही.

अक्का खालच्या अर्ध्याच्या. नात्याने त्या माझ्या नवऱ्याची दूरची थोरली बहीण, पण चिकपेटमागच्या त्यांच्या गल्लीत सगळेच त्यांना अक्का म्हणतात. घराणं शिंप्यांचं. मूळ गाव कोणतं असं विचारलं तर त्या म्हणतात, ते आजोबांच्या आजोबांना विचार. ब्लाउज शिवायचं आणि फॉल-बिडिंगचं त्यांचं छोटं दुकान होतं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी ते बंद केलं. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आपलं यान उतरलं, त्याची बातमी मी पानात दिली होती. ती वाचून त्यांनी मला फोन केला.

"चंद्रावर सगळं हलकं होतं म्हणतात. मग साडीच्या निऱ्या कशा बसायच्या?"

उत्तर त्यांनीच शोधलं, आणि काही दिवसांनी सांगितलं की पडद्याच्या खालच्या काठात शिवतात तसे शिशाचे मणी परकराच्या आणि साडीच्या काठात घातले तर निऱ्या बसतील. तिथून त्यांची कथा सुरू झाली : चंद्रावरच्या वस्तीतली शिंपीण. पुतण्याने टाकून दिलेल्या लॅपटॉपवर त्या एका बोटाने मराठी टाइप करायला शिकल्या. चंद्रावरची धूळ टोकदार असते आणि कशालाही चिकटते, असं मी लिहिलं, तर पुढच्या महिन्यात ती धूळ शिंपिणीच्या जरीत जाऊन बसली. माझ्या पानातली कामाची बातमी त्या उचलायच्या आणि कथेत शिवून टाकायच्या.

लिहिलेलं त्यांनी मंडळात वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. पण मंडळात कोणाला टाळ्या पडत नाहीत? मग गेल्या महिन्यात मी बातमी दिली की पुण्याचं एक मासिक विज्ञानकथांचा खास अंक काढतंय आणि कथा मागवतंय. अक्कांनी ती बातमी कापून शिवणयंत्राच्या अभ्र्याला टाचली. एकदा तरी तिकडे छापून यायला हवं, एवढंच त्या बोलल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, तिकडचे लोक माझ्या मराठीला हसतील काय गं?

"हसतील," मी म्हटलं. "छापतीलही."

त्यांना ते पटलं नसावं, कारण त्या भाषेची काळजी करत राहिल्या. मला काळजी भाषेची नव्हती, शेवटाची होती. कथेच्या शेवटी वस्तीतले सगळे सुखरूप आत येतात आणि बिसिबेळे भात खातात. मी त्यांना सांगितलं होतं की हा शेवट नाही, हे जेवण आहे. त्या म्हणाल्या, जेवणापेक्षा चांगला शेवट असेल तर सांग. तो मला सुचला नव्हता.

कथा पाठवायची शेवटची मुदत १३ तारखेची दुपार. म्हणजे उद्या.

बटणं वाळत होती तेव्हा फोन आला. फोनवर अक्कांची वरच्या मजल्यावरची भाडेकरीण होती. ही पुण्याची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते, मेट्रो जवळ म्हणून चिकपेटला राहते. हुशार, नीटनेटकी, कोणतंही काम अर्धवट न ठेवणारी. माझ्या पानाच्या वरच्या अर्ध्याची पक्की वाचक. अक्कांना ती काकू म्हणते. आज ती घरून काम करत होती.

"ताई, काकू माझ्याशी बोलतच नाहीयेत," ती म्हणाली. "मी त्यांच्या गोष्टीच्या फाइल काढल्या."

"मग?"

"काढल्या म्हणजे डिलीट केल्या. त्यांनीच सांगितलं. पण आता वाटतंय की त्यांना तसं म्हणायचं नव्हतं."

मी विचारलं, रिसायकल बिनमध्ये आहेत ना? तर तिथूनही काढल्या होत्या. मग ती जरा उत्साहाने म्हणाली की तिने लगेच फाइल परत मिळवण्याचं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलंय.

"कुठे उतरवलंस?"

"काकूंच्याच लॅपटॉपवर."

"बंद कर. आत्ताच्या आत्ता. बटण दाबून धर आणि बंद कर."

"सेव्ह करून—"

"काहीही सेव्ह करायचं नाही. काही उघडू नकोस, काही पुसू नकोस, मी येतेय."

फाइल पुसली की मजकूर लगेच नाहीसा होत नाही. दारावरची पाटी पुसली जाते, घर आत तसंच असतं. फक्त आता ते रिकामं आहे असं कॉम्प्युटर धरून चालतो, आणि नवीन काही आलं की तिथे नेऊन ठेवतो. म्हणून हरवलेली फाइल शोधायचं सॉफ्टवेअर त्याच मशिनवर उतरवणं म्हणजे हरवलेलं सामान शोधायला आलेल्या माणसाने त्याच खोलीत स्वतःचं बिऱ्हाड मांडणं. हे मी पानात दोनदा लिहिलंय. वरच्या अर्ध्यात, आणि तरीही.

स्क्रू-ड्रायव्हरचा संच पिशवीत टाकून मी निघाले. विजयनगरहून मेट्रोने मॅजेस्टिक, तिथे गाडी बदलली की पुढचंच स्टेशन चिकपेट.

अक्का शिवणयंत्रासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर. भाडेकरीण दारापाशी उभी, जणू तिला आत यायची परवानगी नव्हती. लॅपटॉप बंद होता. मी अक्कांना विचारलं, नक्की काय झालं? त्यांनी हनुवटीने तिच्याकडे दाखवलं. हिलाच विचार.

तिने सांगितलं ते असं. सकाळी काकूंनी तिला खाली बोलावलं आणि गोष्टीच्या सगळ्या फाइल काढायला सांगितल्या. गोष्ट पाठवून झाली असेल आणि लॅपटॉप मंद चाललाय म्हणून साफ करायचा असेल, असं तिला वाटलं. या महिन्याच्या पानात नको त्या फाइल साफ करा असं लिहिलंच होतं. तरी तिने दोनदा विचारलं होतं. सगळ्या काढू? काकू म्हणाल्या, सगळ्या काढ, एकेक करत काय बसतेस. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की काढायच्या का? तिने ते काकूंना वाचून दाखवलं.

"तर काकू म्हणाल्या, विचारतंय काय मेलं, काढ की. मग मी म्हटलं, बिनमध्येही आहेत, तिथूनही काढू का? तर म्हणाल्या, कुठं कुठं असतील तिथून काढ. ताई, मी याहून जास्त काय कन्फर्म करणार?"

मला हसू आलं, पण ते मी आतच ठेवलं. लग्न करून मी साताऱ्याहून बंगळूरला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाई आतून म्हणाल्या होत्या, "दार काढ गं." मी दाराच्या बिजागऱ्या बघितल्या आणि स्क्रू-ड्रायव्हर कुठे ठेवतात ते विचारलं. बाहेर दूधवाला उभा होता. तो कितीतरी वर्षं मला बघून हसायचा.

कन्नडमध्ये 'तेगी' म्हणजे काढ आणि 'तेगी' म्हणजेच उघड. दाराला तेगी, डब्याला तेगी, दात दुखला तर त्यालाही तेगी. इथल्या जुन्या घरांतली मराठी कन्नडच्या शेजारी इतकी वर्षं राहिली की तिथे दारही काढतात, पुस्तकही काढतात आणि फाइलही काढतात. तसंच दिवा लावत नाहीत, लाइट 'घालतात'. मला याची इतकी सवय झालीय की मी आता ऐकतानाच अर्थ बदलून घेते. पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेल्या मुलीला ती कुठून असणार?

मी दोघींना हे समजावून सांगितलं. भाडेकरणीने कपाळाला हात लावला. "म्हणजे काकूंना ओपन करायच्या होत्या?"

अक्का तिच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "वाचून दे म्हणणार होते. पुण्याची आहे, शुद्ध करून देईल म्हणून. आधी फाइल तर काढू दे, मग विचारू म्हटलं."

मी त्यांना पूर्वी एक पेनड्राइव्ह दिला होता, सगळं त्यावर उतरवून ठेवा म्हणून. तो कुठे आहे असं विचारलं. त्यांनी बॉबिनचा डबा पुढे केला. पेनड्राइव्ह तिथे व्यवस्थित होता, हरवू नये म्हणून त्याला लाल दोरा बांधलेला, आणि आत काहीही नव्हतं.

लॅपटॉप उलटा करून मी झाकण उघडलं. आत जुन्या पद्धतीची फिरती डिस्क निघाली. हे आमचं नशीब. नव्या तऱ्हेची असती तर पुसलेलं तिने स्वतःच साफ केलं असतं आणि मी तिथेच हात जोडले असते. डिस्क काढली. घरी नेऊन माझ्या कॉम्प्युटरला जोडायची होती. अक्का पहिल्यांदा उठल्या, गुंडाळायला एक रेशमी ब्लाउजपीस घेऊन आल्या. मी म्हटलं, रेशीम नको, त्याने स्थिर वीज चढते, सुती द्या. त्यांनी धुवट पंचा दिला. आणि चपला घालून माझ्यासोबत निघाल्या. डिस्क जिथे जाईल तिथे त्या जाणार होत्या. मागून भाडेकरीणही तिचा ऑफिसचा लॅपटॉप घेऊन आली. अर्ध्या दिवसाची रजा टाकली असं म्हणाली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, आणि कोणी नकोही म्हटलं नाही.

मेट्रोत अक्कांनी डिस्क दोन्ही हातांत धरली होती. बसायला जागा मिळाली तरी त्या पाठ टेकून बसल्या नाहीत. ती मुलगी समोर दांडा धरून उभी होती.

घरी आल्यावर अक्कांनी टेबलावरचा तो बटणं नसलेला की-बोर्ड बघितला, खिडकीतल्या पंचावर पसरलेली बटणं बघितली.

"हे पण हिनंच काढलं काय?"

ती मुलगी आधी दचकली, मग हसली. अक्काही हसल्या, अगदी स्वल्प. मला तेवढं पुरे होतं.

डिस्क जोडली आणि शोध सुरू केला. त्याला फक्त माउस लागतो, बटणांवाचून अडलं नाही. असा शोध हळू चालतो आणि त्याच्याकडे बघत बसून तो लवकर होत नाही, म्हणून मी उपमा केला. मुलीने कांदा चिरला. अक्का पडद्यासमोरून हलल्या नाहीत, त्यांना ताट तिथेच दिलं. खाता खाता मुलगी म्हणाली की मराठीत काढायला काय काय लागतं : फोटो काढतो, चित्र काढतो, कर्ज काढतो, दिवस काढतो. "आणि खोडी," अक्का पडद्याकडे बघत म्हणाल्या.

दुपार उतरायला लागली तेव्हा फाइल दिसायला लागल्या. नावं गेलेली, नुसते आकडे. मी एकेक उघडून बघत गेले. पहिल्या काही भलत्याच निघाल्या, पुतण्याच्या कॉलेजच्या. मग शिंपीण आली. निऱ्यांचं प्रकरण आलं, शिशाचे मणी आले, जरीतली धूळ आली. प्रत्येक प्रकरण उघडलं की अक्का पहिली ओळ ओठातल्या ओठात वाचायच्या आणि "सरी" म्हणायच्या, म्हणजे ठीक, पुढची बघ. शेवटचं प्रकरण उघडलं तर चौकोन. पानभर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. त्या जागेवर ते सॉफ्टवेअर जाऊन बसलं होतं.

मी दुसऱ्या पद्धतीने पुन्हा शोधलं. नव्हतं. अशा वेळी आशा लावून ठेवण्यात अर्थ नसतो, म्हणून मी सरळ सांगितलं की शेवटचं प्रकरण गेलं, बाकी सगळं आहे.

अक्कांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"म्हणजे जेवणच गेलं ना?" त्या मला म्हणाल्या. "जाऊ दे. तुला कुठं आवडलं होतं. मी सांगते, ही लिहू दे."

मुलीने लगेच आपला लॅपटॉप उघडला. अक्कांना कथा पाठच होती, दुकानात हाताने काम आणि तोंडाने बोलणं यात त्यांचा जन्म गेलेला. त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या आणि सांगायला लागल्या. शिंपिणीने सूर्यपत्र्यांवर, म्हणजे सोलर पॅनेलवर, घालायला जाड कापडाचे अभ्रे शिवलेत. त्यातला एक उसवलाय. तो बघायला ती एकटी बाहेर जाते, टाके घालते, परत वस्तीच्या दाराशी येते. आत इंजिनियर आहे. शिंपीण रेडिओवर तिला सांगते, दार काढ.

टाइप करणारी बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा चालली. अक्कांच्या ते लक्षात आलं.

"काय लिहिलंस?"

"दार उघड."

"मी उघड म्हटलं नाही."

"काकू, दार काढ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की अख्खं दारच काढून टाकायला सांगतेय. आत सगळी माणसं आहेत. हवा निघून जाईल."

अक्का टेबलावर बोटांनी काहीतरी मापत राहिल्या, वीत, मग अर्धी वीत. मी चहा ठेवायला उठले होते ती उभीच राहिले.

"मग काढू दे की तिला," अक्का म्हणाल्या. "त्या इंजिनियरला पुण्याची कर."

"काकू!"

"लिही."

तिथून पुढचं तिघींनी मिळून केलं, पण कथा अक्कांचीच. आतली इंजिनियर हुशार, नीटनेटकी, कोणतंही काम अर्धवट न ठेवणारी. वरिष्ठ बाईंनी दार काढायला सांगितलंय म्हणजे दारात काही बिघाड असेल, असं समजून ती पाना घेते आणि बोल्ट सैल करायला लागते. बाहेर शिंपिणीला पान्याचा आवाज येतो, असं अक्कांनी सांगितलं. मी मध्ये बोलले. चंद्रावर हवा नाही, आवाज येणार नाही. रेडिओ आहे की, अक्का म्हणाल्या. मी म्हटलं, रेडिओपेक्षा दारावर हात ठेवला तर हादरे कळतील, धातूतून येतात ते. अक्कांनी तळवा टेबलावर पालथा ठेवला आणि मान हलवली. यंत्र बिघडायच्या आधी फळीला हात लावला की कळतं, ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

तर शिंपीण दारावर हात ठेवते. तिला वाटतं, उघडायला लागली. म्हणते, लवकर काढ. हादरे वाढतात. दार तर सरकत नाही. मग तिच्या ध्यानात येतं की आत काय चाललंय. आणि तिला दुसरा शब्द आठवत नाही. घरात आयुष्यभर एकच शब्द वापरलेला. ती कन्नडमधून सांगून बघते, ते आतल्या बाईला कळत नाही.

इथे अक्का थांबल्या. मुलीची बोटं बटणांवर तशीच. चहा उकळून खाली आला, तो मी तसाच गाळला.

"म्हणते," अक्कांनी सांगितलं, "मला आत घे."

मुलीने लिहिलं आणि विचारलं, पुढे? आत घेतलं का? बोल्ट किती सैल झाले होते?

"पुरे," अक्का म्हणाल्या.

मी पुन्हा एकदा सगळं वाचून दाखवलं. जेवणापेक्षा चांगला शेवट होता. तसं मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा थंड झालाय म्हणाल्या.

मग भाषेचा प्रश्न निघाला. मुलीने विचारलं, आता बाकीच्या प्रकरणांत काय काय शुद्ध करू? 'लाइट घाल' आहे, 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' तर पानोपानी आहे. सकाळी अक्कांनी तिला याचसाठी खाली बोलावलं होतं. आता त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, शिंपीण कुठली? चिकपेटची. मग ती तशीच बोलेल, तिला हात लावू नकोस. इंजिनियर मात्र पुण्याची आहे, आणि ती माझ्यासारखंच बोलते ते चुकलंय. तिचं बोलणं तू तुझ्यासारखं करून दे. मुलगी खूश झाली. इंजिनियरच्या तोंडी तिने 'अॅक्चुअली' आणि 'बाय द वे' घातलं, आणि अक्का तेवढ्यावर पोट धरून हसल्या.

त्या निघाल्या तेव्हा मी अक्कांना विचारलं, तिकडचे हसतील म्हणत होतात, त्याचं काय?

"कुठं हसायचं ते आता मी ठरवलंय," त्या म्हणाल्या.

दोघी अंधार पडायच्या आत गेल्या. रिकाम्या हाताने, डिस्क मी रात्रभर ठेवून घेतली, सगळ्याची एक प्रत माझ्याकडे करून घ्यायची होती.

१३ फेब्रुवारी. सकाळी आधी मी फोटो समोर ठेवून की-बोर्डची बटणं बसवली. मग चिकपेटला जाऊन लॅपटॉपमध्ये डिस्क बसवली, भाडेकरणीने रात्री दुरुस्त करून ठेवलेली कथा त्यावर घेतली, पेनड्राइव्हवरही घेतली, आणि तो लाल दोऱ्यानेच शिवणयंत्राच्या हँडलला बांधला. ऑफिसला जायच्या आधी ती मुलगी खाली आली. अक्का म्हणाल्या, मेल काढ. मुलगी म्हणाली, "उघडते." अक्कांनी आपल्या एका बोटाने कथा पाठवली, गेली का ते मला दोनदा विचारलं, आणि आम्हाला दोघींना कॉफी दिली.

घरी येऊन मी मार्चच्या पानाचा मजकूर उघडला. 'काढा' हा शब्द शोधायला लावला. तो जागोजागी होता, आणि इतक्या वर्षांत माझ्याही हातून दोन्ही अर्थांनी उतरत होता. प्रत्येक ठिकाणी थांबून 'उघडा' हवं की 'डिलीट करा' हवं ते ठरवलं आणि बदललं. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढा, एवढं तसंच ठेवलं.